जुन्या मोटारसायकलचे इंजिन वेगात अडखळणे

इंजिन सावकाश चालवताना सुरळीत असते, परंतु थ्रॉटल बरेच उघडताच आचके देते, दम तोडते किंवा ठरावीक वेगापलीकडे जात नाही, तेव्हा त्या दोषास वेगात अडखळणे म्हणता येते. कारागिरांच्या बोलीत 'गाडी मिसिंग मारते', 'गुदमरते', 'पिकअप घेत नाही' असे शब्द यासाठी वापरले जातात. हे शब्द सैलपणे योजले जात असले तरी त्यांनी सूचित होणाऱ्या अवस्था वेगळ्या आहेत आणि निदानाचा आरंभ तो भेद ओळखण्यापासूनच होतो. प्रस्तुत लेख कार्बोरेटर असलेल्या गाड्यांपुरता, म्हणजे राजदूत, येझदी, जुनी बुलेट, यामाहा आरएक्स १००, हिरो होंडा सीडी १०० यांसारख्या गाड्यांपुरता मर्यादित आहे.

वेगातच का?

फेऱ्या आणि थ्रॉटल वाढले की इंजिनाची पेट्रोल, हवा आणि ठिणगी या तिन्हींची मागणी वाढते. मिनिटाला ६,००० फेऱ्या असताना टू-स्ट्रोक इंजिनास सेकंदाला १०० आणि फोर-स्ट्रोक इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरास ५० ठिणग्या लागतात. लिटरमागे ४० किलोमीटर जाणारी गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर ती मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर पेट्रोल पिते. अर्धवट तुंबलेली नळी शहरी रहदारीची गरज भागवू शकते, ही मागणी मात्र नाही. म्हणूनच चेंबूरच्या गल्ल्यांतून आणि स्थानकाभोवतीच्या गर्दीतून वर्षभर निमूट चालणारी गाडी शीव-पनवेल महामार्गावर मानखुर्द ओलांडून वाशीच्या खाडीपुलावर आली की पहिल्यांदा आपले दुखणे दाखवते.

हे दुखणे केवळ गैरसोयीचे नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलच्या मिश्रणाबरोबर किंवा वेगळ्या ऑइल पंपातून मिळते. मिश्रणात पेट्रोल कमी पडले तर ज्वलन अधिक तापते, पिस्टन फुगून सिलिंडरात धरतो आणि मागचे चाक जागच्या जागी अडकते. राजदूत, येझदी वा आरएक्स १०० अडखळू लागल्यास थ्रॉटल आणखी पिळून दोष 'मोकळा' करू पाहणे हा प्रचलित, पण घातक उपाय होय. थ्रॉटल मिटवावे, क्लच दाबावा आणि गाडी कडेला घ्यावी.

पेट्रोल की ठिणगी?

पेट्रोल कमी पडत असेल तर जोर हळूहळू ओसरतो आणि थ्रॉटल थोडे मिटवले की गाडी सावरते. ठिणगी चुकत असेल तर आचके तीव्र व अनियमित असतात, क्षणात येतात व क्षणात जातात, कधी सायलेन्सरमधून फटाक्यासारखा आवाज होतो. पेट्रोल जास्त होत असेल तर इंजिन जड, घोगऱ्या आवाजात गुदमरते आणि धूर काळसर येतो. हे नियम सर्वत्र तंतोतंत लागू पडत नाहीत, पण दहांपैकी बहुतेक वेळा योग्य दिशा दाखवतात.

यापुढची परीक्षा चोकची. अडखळत असताना चोक किंचित ओढल्यावर इंजिन सुधारले, तर पेट्रोल कमी पडत आहे किंवा कोठून तरी जादा हवा शिरत आहे. अधिक बिघडले, तर मिश्रण आधीच दाट आहे. तिसरी परीक्षा प्लगच्या रंगाची. थ्रॉटल पुरेसे उघडे असतानाच इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबावे आणि प्लग काढावा. फिकट तपकिरी रंग योग्य, पांढुरका कोरडा रंग पातळ मिश्रणाचा, काळी काजळी दाट मिश्रणाची खूण. घरापर्यंत सावकाश आणून मग काढलेला प्लग सावकाश चालीचाच रंग दाखवतो आणि दिशाभूल करतो.

पेट्रोलची वाट

तपासणी टाकीच्या झाकणापासून करावी. झाकणातील हवेचे बारीक छिद्र गंजाने वा पॉलिशने बुजले तर पेट्रोल खाली उतरते तशी टाकीत पोकळी निर्माण होऊन प्रवाह मंदावतो. गाडी काही किलोमीटर नीट धावते, मग अडखळते आणि थांबून झाकण उघडताच 'फुस्स' असा आवाज येऊन पुन्हा चालू लागते. फुकटात सापडणारा हा दोष शोधण्याआधीच कार्बोरेटर उघडला जातो, हे दुर्दैव.

नंतर कॉकमधील जाळी, पेट्रोलची नळी आणि फिल्टर. कार्बोरेटरकडील नळी काढून बाटलीत मिनिटभर धार धरावी. ती वर सांगितलेल्या ३३ मिलिलिटरांच्या अनेकपट हवी. हे काम मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर आणि विडी-काडीपासून दूर करावे. बाटली पारदर्शक असल्यास तळाशी साचलेले पाणी आणि गंजही दिसतो. मुंबईच्या पावसाळ्यानंतर हे दृश्य नवलाचे नाही.

कार्बोरेटरमध्ये वेगाचा संबंध मुख्यतः मेन जेटशी येतो. जेट तारेने कोरू नये. छिद्र किंचितही मोठे झाले की माप कायमचे बिघडते. फ्लोटची पातळी खाली असल्यासही हीच लक्षणे दिसतात. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधील रबरी जोडाला भेगा पडल्या असतील, किंवा टू-स्ट्रोक इंजिनाचे क्रँकचे ऑइल सील झिजले असेल, तर जादा हवा शिरून मिश्रण पातळ होते.

ठिणगीची वाट

प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून किक मारली आणि निळी ठिणगी दिसली की 'करंट ठीक आहे' असे ठरवले जाते. हा पुरावा अपुरा आहे. पूर्ण थ्रॉटलवर सिलिंडरातील दाब पुष्कळ वाढलेला असतो आणि दाबाखाली ठिणगी पडण्यास मोकळ्या हवेपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज लागते. अशक्त कॉइल बाहेर ठिणगी देते, आत देत नाही.

पॉइंट असलेल्या गाड्यांत पॉइंटमधील अंतर साधारणतः ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते. अचूक माप गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावे. पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर कंडेन्सर संशयास्पद समजावा. कॉइल व कंडेन्सर तापल्यावर बिघडतात, थंड झाल्यावर सुधारतात. त्यामुळे गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दोष नाहीसा होतो आणि गाडीमालक खोटा ठरतो. आरएक्स १०० सारख्या सीडीआय असलेल्या गाड्यांत पॉइंट नसतात. तेथे प्लग कॅप, पिकअप कॉइल आणि अर्थिंगचे जोड पाहावेत.

इतर कारणे

घाण एअर फिल्टर आणि कार्बनने भरलेला सायलेन्सर यांनीही वरचा वेग घटतो. फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्हच्या स्प्रिंग दुबळ्या झालेल्या असू शकतात. आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा दोष इंजिनाचा नसून क्लच घसरण्याचा असतो.

इंधन आणि उंची

चेंबूरलगत माहूल येथे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम यांचे तेलशुद्धीकरण कारखाने १९५० च्या दशकापासून आहेत. परंतु वर उल्लेखिलेल्या गाड्या ज्या पेट्रोलसाठी घडल्या, ते आज पंपावर मिळत नाही. १० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट भारताने २०२२ मध्ये गाठले, तर २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल येऊ लागले. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने त्याच जेटवर मिश्रण पातळ ठरते. ते पाणी शोषते, टाकीतील जुना थर सुटा करून जाळीत आणते आणि जुन्या रबराला फुगवते. अशा गाडीत मेन जेट एका पायरीने मोठा घालण्याची प्रथा आहे. मात्र बाकीचे दोष दूर केल्यावर आणि प्लगचा रंग पाहूनच तसे करणे इष्ट.

घाटात याच्या उलट घडते. समुत्सपाटीवर जुळवलेली गाडी सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरास गेली की हवा विरळ झाल्याने मिश्रण दाट होते व इंजिन गुदमरते. हा दोष नव्हे. गाडी खाली उतरल्यावर तो आपोआप जातो.

चाचणीची रीत

दोष इंजिनाच्या फेऱ्यांशी आणि थ्रॉटलशी निगडित असतो, रस्त्यावरील वेगाशी नाही. त्यामुळे दुसऱ्या वा तिसऱ्या गियरमध्ये, मोकळ्या चढावर, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगातही तो बहुधा उत्पन्न करता येतो. टाकीतील पोकळीसारख्या वेळ घेणाऱ्या दोषांसाठी मात्र लांबचा फेरा आवश्यक असतो. एका वेळी एकच भाग बदलावा आणि काढलेला जुना भाग जपून ठेवावा.