‘वाद’ शब्दाची उतरती कळा

‘त्या दोघां भावांचा वाद आहे’ असें कोणीं म्हटलें, कीं ऐकणारा दोहोंपैकीं एक गोष्ट समजतो: एक तर उभयतांचें बोलणें बंद झालें असावें, नाहीं तर प्रकरण कोर्टांत गेलें असावें. ते दोघे एकत्र बसून एखाद्या प्रश्नाचा निर्णय करीत असतील, अशी कल्पनाही कोणाच्या मनांत येत नाहीं. वाद म्हणजे भांडण, हें समीकरण आपल्या इतकें अंगवळणीं पडलें आहे, कीं हा शब्द एके काळीं मोठ्या प्रतिष्ठेचा होता हें सांगितलें तर खरें वाटूं नये.

‘वद्’ म्हणजे बोलणें. त्या धातूपासून ‘वाद’ झाला. त्यांत मारामारीचा अंशही नाहीं. उलट इंग्रजींतील ‘डिबेट’ हा शब्द फ्रेंचांतून आलेला असून त्याचें मूळ बडविणें, ठोकणें या अर्थाचें आहे. लढाईवाचक ‘बॅटल’ हा त्याचाच भाऊबंद. म्हणजे साहेबाचा शब्द रणांगणावरून सभेंत चढला आणि आमचा सभेंतून भाऊबंदकीच्या अंगणांत उतरला!

गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत वाद, जल्प व वितंडा हे तीन लागोपाठ येतात. प्रमाण व तर्क यांच्या आधारें, पक्ष-प्रतिपक्ष घेऊन, तत्त्वनिर्णयासाठीं चालतो तो वाद. जिंकण्यासाठीं छलाचाही आश्रय करतो तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडतां दुसर्‍याचें नुसतें खंडन करते ती वितंडा. चरकानेंही वैद्यांच्या संभाषेचे दोन प्रकार केले आहेत: स्नेहानें चालणारी संधाय संभाषा व स्पर्धेनें चालणारी विगृह्य संभाषा. गीतेच्या विभूतियोगांत तर भगवंतांनीं वादाची गणना आपल्या विभूतींत केली आहे. व्यवहारांत मात्र जल्प व वितंडा यांनीं वादाचेंच नांव धारण केलें, आणि खोट्या नाण्यानें खरें नाणें बाजारांतून हुसकावें तसें झालें.

हें दुर्दैव एकट्या ‘वादा’चें नव्हे. अरबींत ‘हुज्जत’ म्हणजे प्रमाण, पुरावा. मराठींत ‘हुज्जत घालूं नकोस’ असें आई मुलास दटावते. ‘तकरार’ म्हणजे पुनरुक्ति. तीच आपली तक्रार झाली. आतां गंमत अशी, कीं संस्कृतांतील ‘चर्चा’ या शब्दाचाही एक अर्थ पुनरुच्चार, घोकणें असाच आहे. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलल्यानें एके ठिकाणीं विचार पिकला व दुसर्‍या ठिकाणीं तंटा! फरक बोलण्यांत नसून बोलणार्‍याच्या हेतूंत आहे.

आमच्या सोलापूरच्या इतिहासपरंपरेंत या भेदाचें एक सुंदर उदाहरण आहे. बाराव्या शतकांत या गांवास सोन्नलिगे म्हणत. तेथें सिद्धरामांनीं देवालयें बांधलीं व मोठा तलाव खोदविला. पंधराव्या शतकांत प्रथम संकलित झालेल्या ‘शून्यसंपादने’ या कानडी ग्रंथांत कथा आहे, कीं अल्लमप्रभु तेथें आले व त्यांनीं सिद्धरामांचा उल्लेख ‘वड्ड’, म्हणजे माती-दगड खणणारा वडार, असा केला. कामकरी खवळले आणि त्यांनीं दगड उचलले. खुद्द सिद्धरामही क्रोधानें धांवून आले. येथवर ती हुज्जतच होती. पुढें मात्र दोघांचें बोलणें सुरू झालें. देवालयें बांधून व तळीं खणून पुण्य जोडतां येईल; पण ‘हें मीं केलें’ ही भावना आंत उरली तर सुटका कशी व्हावी, हा अल्लमांचा प्रश्न. सिद्धरामांनीं तो ऐकला, उत्तरें दिलीं, प्रतिप्रश्न केले, आणि शेवटीं पटलें तें मान्य केलें. मग ते अल्लमांबरोबर कल्याणास बसवेश्वरांच्या मंडळींत गेले.

येथें हरलें कोण? परंपरा सिद्धरामांस पराभूत म्हणत नाहीं; ते पुढें सोन्नलिगेस परतले आणि येथेंच समाधिस्थ झाले. मकरसंक्रांतीस नंदीध्वज निघतात ते त्यांच्याच यात्रेंत. आणि तलावही कोणीं बुजविला नाहीं. अहंकार गेला, पाणी राहिलें. ज्या वादांतून दोन्ही पक्षांतील सत्य वांचतें, तोच गौतमाचा वाद.

ज्ञानदेवांनीं १२९० च्या सुमारास ज्ञानेश्वरीच्या आरंभीं गणेशाचें वाङ्मयीन रूपक रचतांना संवादास गजाननाचा दांत म्हटलें आणि समता हा त्या दांताचा शुभ्र वर्ण ठरविला. तर्काला त्याच रूपकांत परशूचें स्थान आहे. तर्क धारदार असावा, पण तो हातांत असावा. मुखाची शोभा समतेनेंच येते.

सोलापुरांत मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू या चार भाषा एकाच रस्त्यावर बोलल्या जातात. अशा गांवीं मतभेद टळणार नाहींत, आणि टळूंही नयेत. घरांत मुलगा बापाशीं वा सून सासूशीं वेगळें मत बोलूं लागली, कीं आपण ‘वाद नको’ म्हणून तोंड मिटवितों. खरें पाहतां नको असतो तो जल्प. वादाला मनाई केली म्हणजे मतभेद नाहींसा होत नाहीं. तो अबोल्याच्या रूपानें घरांत राहतो, आणि एके दिवशीं वादी-प्रतिवादी होऊन कोर्टाच्या पायर्‍या चढतो. त्यापेक्षां सिद्धेश्वराच्या तलावाच्या पायर्‍यांवर दोघांनीं निवांत बसावें आणि एकदां तरी वाद करावा, हें बरें.