मालवणचे कागद कुठे कुठे?

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामाला 1664 साली सुरुवात झाली. किल्ला आजही मालवणसमोर कुरटे बेटावर उभा आहे. त्याच्या इतिहासाचे बहुतेक कागद मात्र मालवणात सापडत नाहीत. त्यासाठी कोल्हापूर, पुणे, पणजी आणि मुंबई अशा चार दप्तरखान्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

जो धनी, त्याचं दप्तर, हे या किनाऱ्याला पुरेपूर लागू पडतं. किल्ला पुढे करवीरकर, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता. 1765मध्ये इंग्रजांनी तो जिंकून ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं आणि पुढच्या वर्षी परत केला. 1812च्या तहाने मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. सावंतवाडीकरांचं वेंगुर्लंही त्याच वर्षी गेलं. सावंतवाडीकर भोसल्यांच्या पोर्तुगिजांशी कधी लढाया झाल्या, कधी तह. प्रत्येकाने आपला पत्रव्यवहार आपल्याकडे जपला.

असे विखुरलेले कागद शोधायचे, तर आधी यादी हवी. आजच्या ‘हडूप’सारख्या संगणकीय साठवण यंत्रणेत एकाच फाइलचे तुकडे अनेक संगणकांवर विखुरलेले असतात. फाइलींची यादी मात्र ‘नेमनोड’ नावाचा एक संगणक सांभाळतो. ती यादी गेली, तर तुकडे शाबूत असूनही फाइल जुळवता येत नाही.

पुण्याच्या पेशवे दप्तराचा अनुभव हाच आहे. तिथे जवळपास 35 हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्यातलं एखादं मोडी पत्र उलगडलं, की कालगणना दिसते ‘इहिदे सबैन मया व अलफ’. एक, सत्तर, शंभर आणि हजार मिळून शुहूर सन 1171, म्हणजे इसवी सन 1770-71. हा हिशेब जमल्याशिवाय पत्राला यादीत जागा मिळत नाही. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी या दप्तरातले निवडक कागद 45 खंडांत छापून घेतले आणि 1933मध्ये दप्तराची मार्गदर्शिकाही दिली. त्यामुळे कोणत्या विभागात काय शोधायचं, हे अभ्यासकाला कळू लागलं.

पणजीच्या दप्तरखान्याची सुरुवात 1595ची. मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार तिथे बाडांत बांधून ठेवला आहे. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी 1955मध्ये या दप्तरखान्याची मार्गदर्शिका पोर्तुगीज भाषेत प्रसिद्ध केली. मराठ्यांच्या इतिहासाची पोर्तुगीज बाजू मराठी वाचकांपर्यंत आणण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

याद्या करणाऱ्यांचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत सहसा तळटीपेत येतं. खरं तर त्यांच्याशिवाय ती पुस्तकं लिहिलीच गेली नसती. चारही ठिकाणच्या मालवण किनाऱ्याच्या नोंदी एकत्र केलेली सलग मराठी यादी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुका वाचनालयात असायला हवी. आणि ज्यांच्या माळ्यावर मोडी कागदांची गाठोडी असतील, त्यांनी ती वाळवीच्या तोंडी जाण्याआधी मोडी जाणकाराला दाखवून निदान त्यांची यादी तरी करून ठेवावी.