‘संप’ आणि ‘हरताळ’ : मुंबईच्या गिरणी कामगारांच्या इतिहासातील दोन शब्द

सामाजिक इतिहासाची साधने म्हणून आपण कागदपत्रे, अहवाल व वृत्तपत्रे ह्यांचा विचार करतो. शब्दांचा विचार त्या दृष्टीने क्वचितच केला जातो. वस्तुतः ज्या वर्गाने स्वतःविषयी फारसे लिहून ठेवलेले नाही, त्याच्या बाबतीत त्याच्या तोंडचा शब्द हा पुष्कळदा कागदापेक्षा अधिक बोलका असतो. मुंबईचा गिरणी कामगार हा अशांपैकी होय. त्याने काम बंद ठेवण्याच्या कृतीला ‘संप’ हे नाव का स्वीकारले, ‘हरताळ’ हे का नाही, आणि ह्या निवडीतून त्याच्या लढ्याच्या स्वरूपावर काय प्रकाश पडतो, ह्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘हरताळ’ हा शब्द घेऊ. मराठीत ह्या उच्चाराचे दोन भिन्न शब्द आहेत. पोथीतील चुकलेल्या अक्षरावर जी पिवळी हरताळ लावीत ती ‘हरिताल’ ह्या संस्कृत शब्दावरून आलेली; ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिच्यावरूनच निघाला. दुसरा हरताळ म्हणजे दुकाने बंद ठेवण्याचा. त्याचे मूळ ‘हट्ट’ म्हणजे बाजार आणि ‘ताल’ म्हणजे कुलूप ह्या दोन पदांत आहे. अर्थात् हरताळ ही मुळात दुकानदाराची कृती होय. दुकान त्याचे, कुलूप त्याचे, किल्लीही त्याचीच. राज्यकर्त्याच्या जुलमाचा निषेध म्हणून किंवा शोक व्यक्त करण्यासाठी तो आपल्याच मालकीच्या दाराला कुलूप लावतो.

गिरणी कामगाराजवळ लावावयास कुलूप नव्हते. गिरणीचे फाटक मालकाचे होते आणि ते बंद करण्याचा अधिकारही मालकाचाच. मालकाने तो वापरला म्हणजे त्याला ‘टाळेबंदी’ म्हणावयाचे. येथेही कुलूप आहेच. परंतु ते कामगाराच्या विरुद्ध लागलेले आहे. मग कामगाराच्या हाती उरले काय? केवळ एकमेकांना दिलेला शब्द. ‘संप’ ह्या शब्दाने नेमके हेच दर्शविले जाते. शेजारच्या गुजरातीत ‘संप’ ह्याचा अर्थ आजही ऐक्य, सलोखा, एकोपा असाच आहे आणि काम बंद ठेवण्याच्या कृतीला तेथे ‘हडताल’ म्हणतात. हिंदीतही ‘हड़ताल’ हाच शब्द बाजार व कारखाना ह्या दोहोंसाठी चालतो. मराठीने मात्र दुकानदाराचा हरताळ आणि श्रमिकाचा संप असा भेद केला, आणि श्रमिकाच्या कृतीला तिच्या परिणामावरून नव्हे, तर तिच्या पूर्वअटीवरून नाव दिले. काम थांबते हा परिणाम. एकोपा होतो ही पूर्वअट.

गिरणीपूर्व काळात मराठी मुलखात सामुदायिक दबावाचे प्रकार नव्हते असे नाही. थकलेल्या पगारासाठी मराठी फौजेतील शिपाई सरदाराच्या दारी धरणे धरीत. सारा असह्य झाला म्हणजे कुणबी गाव सोडून परागंदा होत. परंतु धरणे धरणारा ऋणकोच्या दारी बसतो, परागंदा होणारा स्थळच सोडतो. स्थळ न सोडता, दारात न बसता, नुसते हात थांबवून धन्याला वाटाघाटीस भाग पाडणे हा प्रकार मोठ्या प्रमाणावर शक्य झाला तो कारखान्यात शेकडो माणसे एका छपराखाली आल्यावरच.

कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये चालू झाली. पुढील तीस-पस्तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा ह्या भागांत गिरण्यांची दाटी झाली आणि रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर ह्या जिल्ह्यांतून माणूस त्यांत येऊन पडला. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्या पाहिल्या असता त्या काळच्या स्थितीची कल्पना येते : आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि यंत्रात अपघात झाल्यास भरपाई. ह्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार सह्या होत्या. १८९० च्या एप्रिलमधील मोठ्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये मालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. विधवांचे केशवपन करणार नाही, असा मुंबईच्या नाभिकांनी केलेला निर्धारही १८९० चाच. तो ‘नाभिकांचा संप’ म्हणून ओळखला जातो आणि त्यामागे लोखंडे ह्यांची प्रेरणा होती. ह्या उदाहरणात पगाराचा प्रश्नच नाही. आपल्या हातून अमुक काम होऊ द्यावयाचे नाही असे एका व्यवसायातील माणसांनी मिळून ठरवणे, एवढाच अर्थ येथे ‘संप’ शब्दात आहे. त्याचा मूळचा ‘एकोपा’ हा अर्थ येथे स्पष्ट दिसतो.

लोखंडे ह्यांची संघटना आजच्या अर्थाने संघटना नव्हती. तिला वर्गणीदार सभासद नव्हते, घटना नव्हती. तरीही ह्या काळात व पुढेही संप होतच राहिले. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८७७ मध्येच मजुरीच्या दरावरून संप झाल्याची नोंद आहे. म्हणजे संघटनेने संप घडविला असे नसून संपातून संघटना घडली, असा येथील क्रम आहे. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या कामगारांनी वर्षाला एक ह्या हिशेबाने सहा दिवस काम बंद ठेवले. बाजारही बंद होते. हरताळ आणि संप ह्या दोन भिन्न प्रवाहांचा येथे संगम झाला. परंतु कामगाराच्या बाजूने तोही कोणत्याही कामगार संघटनेवाचून झाला. जानेवारी १९१९ च्या संपात लाखाहून अधिक कामगार बाहेर पडले तेव्हाही स्थिती तीच होती. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस १९२० मध्ये स्थापन झाली, आणि संघटनांना कायद्याचे संरक्षण १९२६ च्या कायद्याने मिळाले.

ह्याच सुमारास अहमदाबादेत काय घडत होते हे तुलनेसाठी पाहण्याजोगे आहे. १९१८ च्या लढ्यानंतर तेथे १९२० मध्ये जी संघटना उभी राहिली तिचे नाव ‘मजूर महाजन’. महाजन म्हणजे व्यापाऱ्यांची श्रेणी. तेथील मजुराने व्यापाऱ्याच्या संस्थेचे नाव आणि व्यापाऱ्याच्या कृतीचे नाव, अशी दोन्ही उचलली. मुंबईच्या कामगाराने दोन्ही उचलली नाहीत.

मुंबईच्या कामगाराची इतर परिभाषा पाहिली म्हणजे हा शब्द कोणत्या परिसरात रुजला हे कळते. ‘पगार’ हा पोर्तुगीजांकडून आलेला. कातणाऱ्या यंत्राचे इंग्रजी नाव ‘थ्रॉसल’. त्याचे ‘त्रासन’ झाले आणि त्या खात्यास ‘त्रासन खाते’ म्हणू लागले. मागाला ‘साचा’ आणि विणकराला ‘साचेवाला’ म्हणत. कामगाराला कामावर लावणारा व काढणारा तो ‘जॉबर’, स्त्रियांच्या खात्यात ‘नायकीण’; आणि काम मिळवण्यासाठी त्यांच्या हातावर ठेवावयाची ती ‘दस्तुरी’. सकाळी फाटकाशी उभे राहून कोणी गैरहजर असल्यास त्याच्या जागी लागणारा तो ‘बदली’. म्हणजे ‘बदली’ हे कामाचे नाव राहिले नाही, ते माणसाचे नाव झाले. ह्या सर्व शब्दांत माणूस एकटा आहे : जॉबरसमोर एकटा, फाटकाशी एकटा, यंत्रासमोर एकटा. ‘संप’ हा त्या शब्दसंग्रहातील अनेकवचनी अर्थाचा शब्द होय.

तथापि एकोप्याचा हा शब्द व्यवहारात किती खरा ठरला, हा प्रश्न टाळता येत नाही. १९२८ चा सार्वत्रिक संप हे त्याचे कसोटीचे उदाहरण आहे. दोन साच्यांऐवजी तीन साचे एका विणकराने चालवावेत, कमी माणसांत काम उरकावे, अशा योजनांविरुद्ध २६ एप्रिल १९२८ रोजी सुरू झालेला हा संप ६ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पाच महिन्यांहून अधिक, चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. अनेकजण गावी गेले; कोकणातील व घाटावरील शेतीने संपाचा पावसाळा तोलून धरला. ह्या संपातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन वाढली आणि वर्षअखेर तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. संपातून संघटना, हा क्रम येथेही कायम राहिला.

परंतु साचेखात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातून धागा ओढून घेताना तो तोंडाने शोषावा लागे आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. हे निमित्त सांगून सवर्ण विणकरांनी त्या खात्यात, जेथे मिळकत अधिक होती, त्यांना शिरू दिले नव्हते. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या वेळी स्पष्टपणे पुढे मांडला. पगारकपात सोसण्याची वेळ आली म्हणजे सारे एक आणि साचा चालवण्याची वेळ आली म्हणजे वेगळे, ही स्थिती ‘संप’ शब्दाच्या अर्थाशीच विसंगत होती. पुढील वर्षीच्या संपाला त्यांनी विरोध केला, त्याची कारणमीमांसा करताना ही विसंगती दृष्टीआड करून चालणार नाही. उलट ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट ह्यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. विधेयकाने संपाच्या अधिकारावरच निर्बंध येत होते. संप करण्याचा अधिकार नाकारणे म्हणजे गुलामगिरी, अशी आंबेडकरांची भूमिका होती. दहा वर्षांपूर्वी ज्या शब्दाच्या अपुरेपणावर त्यांनी बोट ठेवले, त्याच शब्दाच्या रक्षणासाठी ते उभे राहिले. ह्यात विरोध नाही. शब्दाचा पूर्ण अर्थ मागणे आणि त्याचे रक्षण करणे ही एकच गोष्ट होय.

ह्यानंतरच्या कायद्यांनी संपाला नवी विशेषणे दिली : ‘कायदेशीर’ आणि ‘बेकायदेशीर’. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला प्रतिनिधित्व दिले. एकोपा कोणाचा, हे ठरवण्याचा अधिकार अशा रीतीने फाटकापासून कचेरीकडे गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सामील झाले. वेतनवाढीबरोबरच हा कायदा रद्द व्हावा आणि बदली कामगारांना कायम करावे, ह्याही त्यांच्या मागण्या होत्या. तो संप अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, लाखाच्या घरात माणसे कामास मुकली, आणि गिरणगावात पुढे ‘संपाआधी’ व ‘संपानंतर’ अशी कालगणना रूढ झाली.

अलीकडील एक उदाहरण देऊन हे विवेचन पुरे करतो. राज्य परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत काम बंद ठेवले. पगार अपुरा आणि अनियमित होता. काही सहकाऱ्यांनी आत्महत्या केल्या होत्या. न्यायालयापुढे बेकायदेशीर संपाचा मुद्दा उपस्थित झाला तेव्हा कर्मचाऱ्यांकडून असे सांगण्यात आले, की हा संप नसून दुखवटा आहे. ज्या शब्दात एकोपा होता तो उच्चारणे जोखमीचे ठरले, म्हणून श्रमिकांनी शोकाचा शब्द जवळ केला. दुकान बंद ठेवून शोक पाळण्याचा प्रघात हरताळाचा होता. शंभरांहून अधिक वर्षांनी श्रमिक त्या अर्थाच्या आश्रयाला आला.

ह्यावरून दोन निष्कर्ष काढता येतील. एक, ‘संप’ हा शब्द केवळ काम बंद पडण्याचा वाचक नाही. तो ज्यांच्यापाशी कुलूप नाही अशांच्या परस्पर वचनाचा वाचक आहे. दोन, तो वापरण्याची मोकळीक किती आहे आणि त्यात कोणाकोणाचा समावेश आहे, ह्यावरून त्या त्या काळातील श्रमिकांच्या स्थितीचे मोजमाप करता येते. कामगार चळवळीच्या इतिहासकाराने संपांची संख्या व दिवस मोजावेतच. परंतु प्रत्येक वेळी वचन कोणी कोणाला दिले आणि कोणाला त्यातून वगळले, हेही विचारावे.