शोम्बर्ग यांचा ग्रंथसंग्रह

१९२६ साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने एका बँकेच्या टपाल विभागात काम करणाऱ्या गृहस्थाचा खाजगी ग्रंथसंग्रह विकत घेतला. त्यासाठी लागणारे १०,००० डॉलर कार्नेगी कॉर्पोरेशनने दिले. ५,००० हून अधिक ग्रंथ, ३,००० हस्तलिखिते, सुमारे २,००० चित्रे व मुद्राचित्रे आणि कित्येक हजार पुस्तिका असा तो ऐवज होता. त्याचे धनी आर्तुरो आल्फान्सो शोम्बर्ग हे पदवीधर नव्हते, प्राध्यापक तर नव्हतेच. तरीही कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला त्यांच्या संग्रहाला वळसा घालून पुढे जाणे पुढील काळात अशक्य झाले.

शोम्बर्ग यांचा जन्म १८७४ साली पोर्तो रिको बेटावर झाला. आई कृष्णवर्णीय, वडील जर्मन वंशाचे. कृष्णवर्णीयांना इतिहास नाही, थोर पुरुष नाहीत, असे शाळेत एका शिक्षकाच्या तोंडून त्यांनी लहानपणी ऐकले आणि त्या विधानाला उत्तर शोधण्यातच त्यांचे आयुष्य गेले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. १८९१ साली ते न्यूयॉर्कला आले. एका कायदेविषयक कचेरीत कारकुनी केल्यावर १९०६ पासून ते बँकर्स ट्रस्ट कंपनीत नोकरीस लागले. पोटासाठी टपाल आणि उरलेल्या वेळात जुन्या पुस्तकांची दुकाने, असा त्यांचा क्रम होता.

त्यांनी काय जमविले हे पाहण्यासारखे आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधील ग्रानादा येथे लॅटिन शिकविणारे, गुलामीत जन्मलेले हुआन लातिनो यांची लॅटिन काव्यरचना त्यात होती. हैतीच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते तुसाँ लुव्हेर्त्युर यांचे कागद होते. खगोलगणिती बेंजामिन बॅनेकर यांची पंचांगे होती. फिलिस व्हीटली यांच्या कविताही होत्या. बालपणी आफ्रिकेतून पकडून आणलेल्या या तरुणीचा काव्यसंग्रह १७७३ साली लंडनमध्ये छापला गेला. त्याच्या आरंभी बॉस्टनमधील १८ प्रतिष्ठित गोऱ्या गृहस्थांच्या सह्यांचे एक प्रशस्तिपत्र जोडावे लागले. या कविता खरोखरच हिने लिहिल्या आहेत, एवढेच त्यात म्हटले होते. आपल्या ओळी आपल्याच आहेत याचा दाखला ज्या कवयित्रीला इतरांकडून मिळवावा लागला, तिचे पुस्तक हाताशी असणे यातच शोम्बर्ग यांचा निम्मा युक्तिवाद होता.

१९२५ साली लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात त्यांनी स्वकीयांनाही खडसावले आहे. थोरामोठ्यांच्या फुगविलेल्या याद्या म्हणजे इतिहास नव्हे. साधन हाती घ्यावे, तपासावे आणि मग बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. संग्रह विकून आलेला पैसाही त्यांनी युरोपच्या ग्रंथशोधात घातला. सेव्हिलच्या दप्तरखान्यात ते बसले आणि व्हेलास्केथ या चित्रकाराचा गुलाम असलेला, पुढे स्वतः चित्रकार म्हणून नावारूपास आलेला हुआन दे पारेहा याच्या चित्रांचा त्यांनी माग काढला.

परंतु संग्रह जमला म्हणजे तो वाचकापर्यंत पोहोचला, असे होत नाही. हार्लेममधील १३५व्या रस्त्यावरची ग्रंथालयाची शाखा १९०५ साली उघडली, तेव्हा त्या वस्तीत बहुतांश गोरे लोक राहत. १९२० पर्यंत वस्ती पालटली होती. त्या वर्षी शाखेची सूत्रे अर्नेस्टाइन रोझ या गोऱ्या ग्रंथपाल महिलेकडे आली. तिने कृष्णवर्णीय सहकारी नेमले; कॅथरिन लॅटिमर या त्यांपैकी एक. स्वतःच्या समाजाविषयीच्या पुस्तकांना एवढी मागणी होती की प्रती हाताळून जीर्ण होऊ लागल्या, तेव्हा दुर्मिळ पुस्तके देवघेवीतून काढून १९२५ मध्ये स्वतंत्र संदर्भ विभाग स्थापन करण्यात आला. शोम्बर्ग यांचा संग्रह वर्षभराने आला तो याच विभागात. १९३२ पासून १९३८ साली मृत्यू येईपर्यंत ते स्वतः त्याचे अभिरक्षक होते.

हे न्यूयॉर्कमध्ये घडत होते. दक्षिणेत चित्र निराळे होते. मेम्फिस शहरात कृष्णवर्णीयाला सार्वजनिक ग्रंथालयातून स्वतःसाठी पुस्तक मिळत नसे. गोऱ्या मालकाचा निरोप्या म्हणून मात्र नेता येई. कादंबरीकार रिचर्ड राइट यांनी तरुणपणी एका गोऱ्या सहकाऱ्याचे सभासदपत्र मागून घेतले, त्याच्या नावाने खोटी चिठ्ठी लिहिली आणि पुस्तके मिळविली, हे त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. २१ ऑगस्ट १९३९ रोजी व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे पाच तरुण ग्रंथालयात गेले. नावनोंदणी नाकारली जाताच प्रत्येकाने कपाटातून एकेक पुस्तक घेतले आणि ते वेगवेगळ्या मेजांवर वाचत बसले. त्यांना अटक झाली. अधिकाऱ्यांनी पुढच्या वर्षी काढलेला उपाय म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी निराळे, लहानसे ग्रंथालय.

दार उघडले तरी कपाटाचा प्रश्न उरतोच, आणि तो ग्रंथालयीन मंडळींना विशेष जाणवेल असा आहे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९३० पासून संग्रह उभा करणाऱ्या डोरोथी पोर्टर यांना आढळले की ड्यूई दशमान पद्धतीत कृष्णवर्णीयांची पुस्तके जणू दोनच क्रमांकांत कोंबली जात: ३२५ म्हणजे वसाहती व स्थलांतर, आणि ३२६ म्हणजे गुलामगिरी. कवितासंग्रह असला तरी तो तिथेच. पोर्टर यांनी हा शिरस्ता मोडला. कविता कवितेत, संगीत संगीतात, इतिहास इतिहासात, असे त्यांनी ग्रंथ लावले. वरकरणी हा तांत्रिक फेरफार; प्रत्यक्षात एका समाजाला गुलामगिरीच्या कप्प्यातून बाहेर काढणे होते. याच पद्धतीत समग्र मराठी साहित्य ८९१.४६ या दशांशचिन्हापलीकडच्या जागी बसते, हे मराठी ग्रंथपालांना सांगायला नको.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध जुना आहे. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. मात्र ती अर्पणपत्रिका मुक्त करणाऱ्यांना उद्देशून होती. मुक्त होणाऱ्यांचा स्वतःचा आवाज, उदाहरणार्थ फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५चे आत्मकथन, तेव्हा छापून अठ्ठावीस वर्षे झाली होती. तो आवाज मराठीत मोठ्याने ऐकू येण्यास १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरचा काळ उजाडावा लागला.

या दोहोंच्या मध्ये एक पत्र आहे. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर हार्लेमच्या शेजारीच तीन वर्षे शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉय यांना लिहिले की आपण निग्रो प्रश्नाचे अभ्यासक आहोत, आणि कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. द्युबॉय यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर दिले. आंबेडकरांचे नाव व कार्य त्यांना ठाऊक होते. हा पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील ग्रंथालयात जतन केलेला आहे. त्या ग्रंथालयाला आता द्युबॉय यांचेच नाव आहे.