ठासणीची बंदूक आणि दुर्बिणीचा डोळा



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. कामगार चळवळीत केस पिकलेल्या माणसाने ठासणीच्या बंदुकीवर, आणि तिच्यावर कोणती दुर्बीण बसवावी यावर का बोलावे? याचे उत्तर एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'शिस्त'. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून हा शब्द आम्हांस नोटिशीत भेटतो : शिस्तभंग झाला आहे, खुलासा करा. परंतु जुन्या मराठीत शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. डोळा, नळीच्या तोंडाशी असलेली माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आणणे म्हणजे शिस्त. ही रेषा खरी ठरते ती डोळ्यामुळे की नळीमुळे, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

आरंभ आपल्या उंबरठ्यापासूनच करू. ज्या चाकणला आज मोटारींचे कारखाने उभे आहेत, तेथील संग्रामदुर्गाला १६६० च्या पावसाळ्यात शाइस्तेखानाचा वेढा पडला होता. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढविला. त्या काळची बंदूक तोड्याची. दारू तोंडाकडून ओतायची, वर गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानात रंजक भरायची आणि धुमसत्या तोड्याने ती पेटवायची. पावसाने तोडा विझला की बंदुकीची काठी झाली.

तिचा नेमही असाच बेताचा. नळी आतून गुळगुळीत आणि गोळी नळीपेक्षा किंचित लहान, कारण ती चटकन खाली उतरली पाहिजे. मग बार उडाला की गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे, आणि शेवटचा धक्का जसा बसेल तशी वाट धरी. पन्नास-साठ पावलांवर माणूस टिपता येई; शंभरापलीकडे नशिबाचा भाग. दुर्बिणीचा शोध युरोपात १६०८ च्या सुमारास जाहीर झाला होता. म्हणजे चाकणच्या वेढ्याच्या वेळी जगात काच होती. पण ती त्या बंदुकीवर बसवून काही लाभ झाला नसता. लक्ष्य मोठे दिसले असते. गोळी मात्र आपल्याच मर्जीने गेली असती.

हा दोष नळीचा होता आणि तो नळीतच दुरुस्त व्हावयाचा होता. नळीच्या आत मळसूत्री खाचा पाडल्या तर गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भोवऱ्यासारखी तोल सांभाळते, हे युरोपातील कारागिरांना फार पूर्वीच कळले होते. अडचण एकच होती. खाचांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठोकून घालावयास वेळ लागे. १८४९ च्या सुमारास मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याची गोळी आली. ती सैलपणे आत उतरे आणि बार होताच फुगून खाचांत रुते. तिच्याच जातीची गोळी घेणारी एन्फिल्ड बंदूक १८५३ ची. १८५७ च्या उठावात जिच्या चरबीच्या काडतुसांनी ठिणगी टाकली ती हीच, आणि तीही ठासणीचीच.

आता बंदुकीवर दुर्बीण आली कोठून? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील कारागीर बंदुकीवर लांबलचक दुर्बिणी बसवीत होते. चॅपमन नावाच्या गृहस्थाने आपल्या पुस्तकात त्यांची हकीकत दिली आहे. दुसरा धागा आपल्या बाजूचा आहे. मुंबई इलाख्याच्या फौजेत डेव्हिडसन नावाचा अधिकारी होता. हिंदुस्थानात असतानाच त्याने शिकारीच्या बंदुकीवर दुर्बीण लावून पाहिली, आणि मायदेशी परतल्यावर १८६२ मध्ये तिचे पेटंट घेतले. चौदा-पंधरा इंच लांबीची ही नळी बंदुकीच्या डाव्या अंगास बसे.

ती ज्या बंदुकीवर बसली तिच्या कर्त्याचे नाव आमच्या जुन्या टर्नर-फिटरांच्या तोंडी आहे. तो कर्ता म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ. ५५ अंशांचा 'व्हिटवर्थ आटा' ज्याने टॅप धरून पाडला आहे, त्याला या माणसाची ओळख करून द्यावयास नको. १८४१ मध्ये त्याने आट्यांचे प्रमाण ठरवून दिले. त्यापूर्वी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागेल याची खात्री नसे.

१८५४ मध्ये ब्रिटिश सरकारने एन्फिल्ड बनविण्याच्या यंत्रांविषयी व्हिटवर्थला विचारले. त्याचे म्हणणे असे की, यंत्रे मागाहून. चांगली नळी म्हणजे काय हे आधी ठरवू. त्यासाठी मँचेस्टरजवळ आपल्या घराच्या आवारात त्याने ५०० यार्ड लांबीचा झाकलेला मार्ग बांधला, म्हणजे वाऱ्याचा दोष नळीच्या माथी येऊ नये. तेथे त्याने एकेक गोष्ट बदलून तपासली. शेवटी नळीचे भोक गोलाऐवजी षट्कोनी केले, व्यास ०.५७७ इंचावरून ०.४५१ वर आणला आणि खाचांचा पीळ ७८ इंचांत एक फेरा होता तो २० इंचांत एक केला. १८५७ च्या चाचणीत एन्फिल्डची धाव १,४०० यार्डांवर संपली; व्हिटवर्थची बंदूक २,००० यार्डांवरील लक्ष्य गाठू शकली. या सगळ्यात काचेचा एक तुकडाही नव्हता. ही करामत मोजमापाची, आणि ते मोजमाप पोलादात उतरविणाऱ्या हातांची होती. त्याच मँचेस्टरात आणि लंडनात १८५२ साली यंत्रकामगारांवर मालकांनी टाळेबंदी लादली होती, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

फौजेने ती बंदूक सरसकट घेतली नाही. किंमत सुमारे चौपट, आणि नळी काजळीने लवकर भरे. परंतु अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील निवडक नेमबाजांना या बंदुका मिळाल्या. त्यांतील काहींवर डेव्हिडसनची दुर्बीण होती. बार झाला की ती मागे येऊन डोळ्यावर आदळे, आणि लढाई संपेपर्यंत नेमबाजाचा डोळा काळानिळा होई. तेव्हा डोळ्याला सोयीची दुर्बीण कशी असावी हा धडाही या बंदुकीनेच शिकविला.

या इतिहासातून निवडीचे नियम आपोआप निघतात. नळी गुळगुळीत असेल तर दुर्बीण घेऊच नये; पैसे पाण्यात. नळी खाचांची असेल, तर आधी दारूचे माप दर वेळी तेच, गोळीचे वजन तेच आणि ठासण्याचा दाब तोच ठेवावा, आणि मग काचेकडे वळावे. गोल गोळी शंभर यार्डांपलीकडे झपाट्याने खाली येते, म्हणून दुप्पट ते चौपट मोठे दाखविणारी काच पुरते. डोळा आणि काच यांत साडेतीन-चार इंच अंतर राहिले पाहिजे. दुर्बीण अशी बसवावी की टोपी बसविताना बोट अडू नये आणि गज सरळ आत जावा. काळ्या दारूची काजळी हवेतील ओल ओढून लोखंड खाते. म्हणून बैठकीचे स्क्रू आणि सांधे पुसता येतील असे हवेत.

उजेडाचाही एक सोपा हिशेब आहे. पुढच्या काचेचा व्यास ३२ मिलिमीटर आणि वाढ चौपट, तर डोळ्यात येणारा उजेडाचा झोत ८ मिलिमीटरचा. तरुणाची बाहुली अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. आमच्या वयात ती पाचाच्या आसपास थांबते. त्याहून मोठा झोत बाहुलीबाहेर सांडतो. मात्र म्हाताऱ्या डोळ्यावर काचेचा एक उपकार खराच. मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अशी तीन अंतरे एकदम स्पष्ट पाहणे पन्नाशीनंतर जमत नाही. दुर्बीण त्या तिन्हींचे एकाच पातळीवर काम करून देते.

हे ज्ञान आज खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते अमेरिकेत. तेथे ठासणीच्या बंदुकीच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम असतो; आणि तेथेही कोलोरॅडोसारखे राज्य त्या हंगामात दुर्बिणीस मनाई करते. आपल्याकडे चित्र वेगळे. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी हत्यार परवान्याखाली आणले. १९५९ च्या कायद्यात ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीसाठी म्हणून नमूद आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर छंदाच्या शिकारीचे दिवस संपले; पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारावयाचे तर वनखात्याची परवानगी लागते. त्यात काही वावगे आहे असे आम्हांस वाटत नाही. पण ज्याच्या शेतात रात्रीत रानडुकरे शिरतात, त्याच्या गुळगुळीत नळीवर महागडी दुर्बीण बसवून त्याचे रान राखले जाणार नाही. त्याला कुंपण, वेळेवर पंचनामा आणि वेळेवर भरपाई हवी.

आता मूळ शब्दाकडे येतो. चाकणजवळच्या एका कारखान्यात माल नापास होण्याचे प्रमाण वाढले होते. व्यवस्थापनाने तपासणीचे नवे यंत्र आणले, माथ्यावर कॅमेरे बसविले आणि अकरा जणांना शिस्तभंगाच्या नोटिसा दिल्या. माल नापास होतच राहिला. आम्ही कामगारांच्या वतीने एकच मागणी केली : ज्या यंत्रावर हा माल होतो त्याचा स्पिंडल उघडून पाहा. तीन बैठकांनंतर तो उघडला, तेव्हा बेअरिंग झिजलेले निघाले. बेअरिंग बदलले, माल सुधारला. नोटिसा मागे घेण्यास मात्र आणखी चार महिने लागले.

तेव्हा श्रोतेहो, गोळी चुकली की काच बदलण्याचा मोह सर्वांनाच होतो. कारण काच बाहेरून लावता येते आणि नळी उघडण्यास मेहनत पडते. व्हिटवर्थने पाचशे यार्डांचा मार्ग बांधून आधी नळी तपासली. आपल्या कारखान्यांत पुढची नोटीस निघण्यापूर्वी एवढी तपासणी व्हावी, इतकेच आमचे मागणे आहे.