आत काय चाललंय?

मशीन स्लो झालं की आपण आयटीवाले पहिलं काय करतो? विंडोजवाले टास्क मॅनेजर उघडतात, लिनक्सवाले टर्मिनलवर 'टॉप' मारतात. नावांची लांबलचक यादी येते, तिच्याकडे आपण दोन मिनिटं गंभीर चेहऱ्याने बघतो आणि मग मुकाट्याने रिस्टार्ट करतो :-) या यादीला पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो वाटतो तेवढा रुक्ष नाही. आज त्याबद्दल.

मी इस्लामपूरचा (सरकारदरबारी २०२५ पासून ईश्वरपूर), तेव्हा उदाहरण ऊसपट्ट्यातलंच देतो. पाटाचं पाणी एक, शेतकरी पन्नास. मग पाळी लागते. आता कोणाच्या रानात पाणी चालू आहे, कोण थांबलंय, हे पाटकरी वहीत लिहून ठेवतो. प्रोसेसरचंही अगदी तसंच. एका कोअरवर एका क्षणी एकच प्रोग्रॅम चालतो, पण पाळी इतकी भराभर बदलते की सगळे एकदमच चाललेत असं आपल्याला वाटतं. ही पाळीची वही ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलकडे असते. 'पीएस' काय, 'टॉप' काय, टास्क मॅनेजर काय, ही सगळी ती वही वाचायची साधनं.

बेल लॅब्जच्या युनिक्समध्ये 'पीएस' ही कमांड १९७३ मध्ये आली. मशीन एक आणि वापरणारे अनेक, त्यामुळे 'कोण खातंय सगळं?' हा प्रश्न तेव्हा रोजचा. सुरुवातीचं पीएस थेट कर्नलच्या मेमरीत डोकावून माहिती उचलायचं. म्हणजे पाटकरी झोपलेला असताना त्याच्या खिशातून वही काढण्यासारखंच! १९८४ मध्ये बेल लॅब्जच्याच टॉम किलियनने यावर सुंदर तोड काढली. त्याने प्रत्येक चालू प्रोसेस 'प्रॉक' नावाच्या डिरेक्टरीत फाइलसारखी दिसेल अशी सोय केली. आजच्या लिनक्समधलं प्रॉक हे त्याच कल्पनेचं वाढलेलं रूप. त्याच वर्षी विल्यम लफेव्हरने 'टॉप' लिहिलं. दर काही सेकंदांनी ताजी होणारी यादी, सगळ्यात जास्त खाणारा सगळ्यात वर.

आपल्याकडे घरोघरी आलेल्या पीसीवर मात्र डॉस होतं. एका वेळी एकच प्रोग्रॅम, मग पाळी कसली नि वही कसली. पण त्यामुळेच व्हायरसला रान मोकळं होतं. १९९१ मध्ये सापडलेला मायकलअँजेलो व्हायरस मेमरीच्या वरच्या टोकाला दडून बसायचा आणि ६ मार्चला हार्डडिस्कवरचा डेटा उडवायचा. त्याला यादीत शोधणार कसं? यादीच नव्हती! पण 'चेकडिस्क' ही कमांड चालवली की एकूण मेमरी ६,५५,३६० बाइट्स दिसायला हवी, ती ६,५३,३१२ दिसायची. बरोबर २,०४८ बाइट्स गायब. चोर दिसत नव्हता, पण त्याने अडवलेली जागा हिशोबात दिसत होती.

याच काळात पुण्यात, मूळ सातारा जिल्ह्यातल्या काटकर बंधूंपैकी कैलाश कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या धंद्यातून कॉम्प्युटर दुरुस्तीत आले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीन्सवर व्हायरस असायचे. धाकट्या संजयने ते काढायचे प्रोग्रॅम लिहायला घेतले आणि १९९५ मध्ये त्यातून क्विक हील बाजारात आलं.

विंडोजचा टास्क मॅनेजर आला तो १९९६ मध्ये, एनटी ४.० बरोबर. डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरने तो लिहिला. घरगुती मशीनवर तो खऱ्या अर्थाने पोचला तो एक्सपी आल्यावर. आणि मग लपाछपी सुरू झाली. एक्सपीच्या यादीत 'एसव्हीसीहोस्ट' हे नाव पाच-सहा वेळा दिसायचं, कारण एकेका एसव्हीसीहोस्टच्या पोटात विंडोजच्या अनेक सर्व्हिसेस चालायच्या. एवढ्या गर्दीत स्पेलिंगमधलं एखादं अक्षर फिरवून व्हायरस घुसला तर ओळखतो कोण?

काहींनी तर वहीच गायब केली. २००६-०७ च्या सुमारास इस्लामपुरातल्या सायबर कॅफेत बसलेल्यांना 'न्यू फोल्डर'वाला व्हायरस आठवत असेल. दिसायला फोल्डर, प्रत्यक्षात प्रोग्रॅम. पेनड्राइव्हवरून आला की टास्क मॅनेजर उघडेना. वर मेसेज असा की तुमच्या अॅडमिनिस्ट्रेटरने तो बंद केलाय. अरे, अॅडमिनिस्ट्रेटर कोण? काउंटरवर बसलेला पोरगा चहा पीत होता! माझा एक मित्र पेनड्राइव्हवर 'प्रोसेस एक्सप्लोरर' घेऊन फिरायचा. ते इन्स्टॉल करावं लागत नसे आणि टास्क मॅनेजरवरची बंदी त्याला लागू पडत नसे.

हे प्रोसेस एक्सप्लोरर सिसइंटर्नल्सचं, म्हणजे मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या जोडीच्या कंपनीचं. याच रुसिनोविचने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी सोनी बीएमजीचं प्रकरण बाहेर काढलं. त्यांची गाण्यांची सीडी विंडोजवर गुपचूप एक रूटकिट बसवत होती. 'डॉलर-सिस-डॉलर'ने सुरू होणारी कुठलीही फाइल किंवा प्रोसेस विंडोज मग दाखवतच नसे. त्याने हे पकडलं कसं? विंडोजला विचारून फाइल्सची एक यादी घेतली, डिस्क थेट वाचून दुसरी केली, आणि दोन्ही ताडून पाहिल्या. जे दुसरीत होतं आणि पहिलीत नव्हतं, ते कोणीतरी लपवलेलं.

मायकलअँजेलोच्या २,०४८ बाइट्सची तऱ्हा हीच होती, हे लक्षात आलं का? यादी कधीच स्वतःहून खरं बोलत नाही. ती बनवणारा बोलतो. त्याच्यावर नजर ठेवायची तर दुसऱ्या वाटेने मोजायला हवं. पाटकऱ्याच्या वहीत पाळी तुमची लिहिलेली असेल, पण पाणी खरंच तुमच्या सरीत आलंय का, ते बांधावर जाऊनच कळतं.

आता फोनचं बघा. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून एका अॅपला दुसऱ्याच्या प्रोसेस प्रॉकमधून दिसत नाहीत. कारण रास्त आहे. बँकेचं अॅप कधी उघडतंय यावर टपून, त्यावर खोटा लॉगिनचा पडदा टाकणारी अॅप्स निघाली होती. पण चोरासाठी खिडकी बुजवली तेव्हा मालकाचीही बुजली. 'रनिंग सर्व्हिसेस'ची एक यादी आहे, पण ती डेव्हलपर ऑप्शन्समध्ये. ते उघडायला बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा. आमच्या बाबांना हे कोण सांगणार? त्यांची पेन्शन, ऊसबिल, सगळं त्याच फोनवर आहे.

म्हणून मी घरी एवढंच सांगून ठेवलंय. फोन नुसता पडून असताना गरम लागला, बॅटरी उगीच उतरली, किंवा न वापरता डेटा संपला, तर मला फोन करा. बॅटरी आणि डेटा कोणत्या अॅपने खाल्ला हे सेटिंग्जमध्ये दिसतं, तिथून शोध सुरू करता येतो. तुम्हीही आपापल्या घरी सांगून ठेवा. आणि आज मशीन बंद करण्याआधी ती यादी एकदा उघडून बघा. त्यातली किती नावं तुम्हाला ओळखता येतात?