दस्तक, निशाण आणि कर्करोग: रायगडच्या किनाऱ्यावरून एका अदृश्य युद्धाचा इतिहास

१) सावित्री नदी सागराला मिळते त्या मुखाशी हरिहरेश्वर वसले आहे. पेशव्यांचे हे कुलदैवत. येथून जवळच्याच श्रीवर्धनची देशमुखी भट घराण्याकडे होती आणि उत्तरेस जंजिऱ्यावर सिद्दी बसला होता. या किनाऱ्यावर सत्ता कोणाची, याचे उत्तर पुष्कळदा एका कागदाने ठरत असे. त्या कागदाचे नाव दस्तक.

२) सरखेल कान्होजी आंग्रे यांचा दंडक स्पष्ट होता. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी गलबताजवळ आंग्र्यांचे दस्तक असावे. नसल्यास ते अडवले जाईल. इंग्रजांशी त्यांचा जो दीर्घ कलह झाला, त्यात एक आक्षेप वारंवार येतो: कंपनीच्या निशाणाखाली खाजगी व्यापाऱ्यांचा माल दडवून नेला जातो. दस्तक न दाखवणे आणि परके निशाण लावणे, या दोन युक्त्या ध्यानात ठेवाव्यात. आजचा विषय कर्करोगाचा आहे आणि त्याच्या युक्त्याही बहुतांशी याच आहेत.

३) आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. ज्या रेणूंवर ते मांडले जातात त्यांना एमएचसी-१ म्हणतात. गस्तीवरील टी-पेशी हे तुकडे तपासतात. ओळखीचे तुकडे दिसले तर त्या पुढे जातात. विषाणूचा किंवा बिघडलेल्या प्रथिनाचा तुकडा दिसला तर त्या पेशीचा नाश करतात. या तपासणीचे मर्म पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी १९७० च्या दशकात उलगडले. त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले.

४) मग गस्त असूनही गाठ वाढते कशी? मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५० च्या दशकात असे मांडले होते की, रोगप्रतिकार यंत्रणा कर्कपेशींना सतत वेचून मारत असते. ही कल्पना दीर्घकाळ वादात राहिली. २००१ मध्ये रॉबर्ट श्रायबर यांच्या गटाने दाखवले की, ही यंत्रणा नसलेल्या उंदरांना अधिक गाठी होतात. त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा होता. पहाऱ्यातून जगून वाचलेल्या पेशी पहारा चुकवण्यात तरबेज असतात. गस्तच नकळत अशा पेशींची निवड करत असते.

५) ही चलाखी समजण्यासाठी पेशवे दफ्तर आठवावे. लाखो कागद रुमालांत बांधलेले. कामाचा रुमाल तेवढा सोडायचा, बाकीचे बांधलेले ठेवायचे. पेशीतील जनुकांचेही असेच आहे. यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत दफ्तर एकच असते. कोणता रुमाल सुटला आणि कोणता बांधलेला राहिला, यावरून पेशीचे काम ठरते. या व्यवस्थेला जनुक-नियमन म्हणतात. गाठ मारण्याचे एक साधन म्हणजे मेथिल नावाचा लहानसा रासायनिक गट. तो डीएनएवर किंवा डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर चिकटवला जातो.

६) पहिली युक्ती, दस्तक दडवणे. काही कर्कपेशींत एमएचसी-१ ची जनुके अथवा त्यांना चालना देणारे एनएलआरसी-५ हे जनुक मेथिल गटांनी बंद केले जाते. कागद फाटत नाही, शाबूत असतो. रुमाल मात्र सुटत नाही. टी-पेशी समोर येते, तिला तपासण्याजोगे काहीच दिसत नाही आणि ती पुढे निघून जाते.

७) पण दस्तक नसणे हाच अपराध मानणारे शिपाईही शरीरात आहेत. त्यांना नैसर्गिक मारक पेशी म्हणतात. हे तत्त्व १९८० च्या दशकात क्लास कॅरे यांनी मांडले. म्हणून काही गाठी आणखी एक रुमाल उघडतात, एचएलए-जी या जनुकाचा. एरवी हे जनुक प्रामुख्याने गर्भाच्या वारेत जागे असते आणि आईच्या रोगप्रतिकार यंत्रणेपासून गर्भाला सांभाळते. गर्भरक्षणाची ही आज्ञा कर्कपेशी स्वतःसाठी वापरते.

८) दुसरी युक्ती, निशाणाची. टी-पेशीवर पीडी-१ नावाचा एक लगाम असतो. १९९२ मध्ये क्योटो येथे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत त्याचे जनुक सापडले. निरोगी पेशी पीडी-एल१ हे निशाण दाखवून हा लगाम ओढू शकतात; त्यामुळे लढाई गरजेपेक्षा लांबत नाही. टी-पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन-गामा सोडते आणि कर्कपेशी त्याच संकेताने पीडी-एल१ चे जनुक जागे करते. म्हणजे हल्ल्याची नौबत ऐकूनच शत्रू शांततेचे निशाण वर चढवतो. असे लगाम सोडवणाऱ्या उपचारांची वाट दाखवल्याबद्दल होंजो आणि जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

९) या इतिहासात महाराष्ट्र कोठे आहे? मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्याचे संस्थापक डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे पुण्याच्या, हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत अनुभव घेऊन त्या परतल्या आणि येथे ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून विचारला. ‘पेशीतील कोणती आज्ञा कोण बदलते’ या प्रश्नाची ही आरंभीची मांडणी होती. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

१०) त्या संस्थेचा वारसा आज खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये आहे. खारघर आणि हरिहरेश्वर एकाच रायगड जिल्ह्याची दोन टोके. अ‍ॅक्ट्रेकमध्ये डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी मुखाच्या कर्करोगातील गामा-डेल्टा टी-पेशींचा अभ्यास केला. या पेशींचे महत्त्व असे की, शत्रू ओळखण्यासाठी त्या एमएचसी-१ वर विसंबून नसतात.

११) खारघरलाच ४ जून २०२१ रोजी देशातील पहिला कार-टी उपचार झाला. रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून त्यांना सीडी-१९ ही खूण ओळखणारा नवा ग्राहक बसवायचा आणि त्या परत सोडायच्या, अशी ही पद्धत. दस्तक दडवले तरी चालते, कारण येथे डोलकाठीच निरखली जाते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या ‘नेक्सकार-१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. शत्रू मात्र स्वस्थ बसत नाही. २०१५ मध्ये असे आढळले की, काही रक्तकर्करोगांच्या पेशी सीडी-१९ च्या संदेशाची काटछाट बदलतात आणि नेमका ओळखीचा भाग गाळून टाकतात.

१२) शस्त्र असणे आणि ते परवडणे यांत अंतर असते. पीडी-१ चा लगाम सोडवणारे निवोलुमॅब इतके महाग होते की बहुसंख्य भारतीय रुग्णांना त्याचा उपयोगच होत नसे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला: एवढी मात्रा लागते का? डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी झाली. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम औषध स्वस्त गोळ्यांच्या जोडीने दिले गेले. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के होते, औषधाची जोड मिळालेल्या गटात ४३.४ टक्के.

१३) बांधलेल्या रुमालाचे एक वैशिष्ट्य असे की तो सोडता येतो. फाटलेला कागद परत जोडणे दुष्कर. गाठ सोडणे शक्य. मेथिल गट हटवणारे अ‍ॅझासायटिडीन २००४ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. २०१५ मध्ये दिसून आले की, अशा औषधांमुळे आपल्या जनुकसंचातील प्राचीन विषाणूंचे अवशेषही जागे होतात, पेशीला संसर्गाचा भास होतो आणि ती स्वतःच धोक्याची सूचना देते. या औषधांची पीडी-१ रोधकांशी सांगड कशी घालावी, हा आजच्या संशोधनाचा विषय आहे.

१४) दस्तकाच्या वादातून एक गोष्ट किनाऱ्याला कळली होती: केवळ गलबते वाढवून समुद्र राखता येत नाही, कागद आणि निशाण वाचणारी माणसेही लागतात. खारघरच्या प्रयोगशाळांत आज तेच वाचन चालू आहे.

लेखनसीमा.